ॲल्युमिनियमचा सांधा आणि टंगस्टनच्या काडीचा रंग



ऊस खात्याच्या माणसाने वेल्डिंगवर कशाला लिहावे, असे आपण म्हणाल. पण हंगामात ट्रॅक्टरचे टायमिंग कव्हर तडकले किंवा इंजिनाचे चेंबर दगडावर आपटून चिरले, की पहिला निरोप गट कार्यालयातच येतो. वाहन उभे राहिले की टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस फडात सुकतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजनही जाते आणि साखरही जाते. म्हणून वेल्डिंगचा विषय आमच्या दारात येतोच.

हे भाग बीडाचे असते तर प्रश्न वेगळा होता. बऱ्याच इंजिनांची कव्हरे, काहींची चेंबर, मोटारसायकलचे इंजिन-केस, दुधाचे कॅन हे सारे ॲल्युमिनियमचे. त्याला आपल्याकडे ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात, इंग्रजी नाव टिग. यात ठिणगी टंगस्टनच्या एका काडीतून पडते, आणि भरणीची तार वेल्डर दुसऱ्या हाताने देतो. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ती काडी स्वतः सांध्यात जाऊ नये अशी अपेक्षा असते. जाते तेव्हाच घोटाळा होतो. टंगस्टनचे कठीण कण सांध्यात अडकतात आणि तिथूनच पुढे चीर धरते. मग ‘महिन्यापूर्वी वेल्डिंग केले, पुन्हा तेल गळतंय’ अशी तक्रार येते आणि दोष वेल्डरच्या हाताला दिला जातो. दोष पुष्कळदा काडीच्या निवडीत असतो.

ॲल्युमिनियमचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. धातू ६६० अंशाला पातळ होतो, पण त्याच्यावर हवेमुळे जी बारीक पापडी बसते ती दोन हजार अंशांच्याही पुढे वितळते. आतला धातू पाणी झाला तरी वरची साय तशीच! ती फोडण्यासाठी एसी करंट लागतो. करंटचा एक झोका पापडी उडवतो, उलटा झोका धातू वितळवतो. पण पापडी उडवणाऱ्या झोक्यात उष्णता टंगस्टनच्या टोकावर येते. म्हणजे लोखंड किंवा स्टेनलेस जोडताना काडीला जो ताप नसतो तो इथे सोसावा लागतो. म्हणूनच स्टेनलेसला चालणारी काडी ॲल्युमिनियमला चालेलच असे नाही.

काडीच्या एका टोकाला रंगाचा पट्टा असतो, तो पाहावा. हिरवा म्हणजे शुद्ध टंगस्टन. लाल म्हणजे दोन टक्के थोरियम. पांढरा (किंवा तपकिरी) म्हणजे झिर्कोनियम. करडा म्हणजे सिरियम, जुन्या मालावर हाच पट्टा नारिंगी असे. काळा, सोनेरी आणि निळा हे लँथॅनमचे, अनुक्रमे एक, दीड आणि दोन टक्के.

यातली कुठली घ्यायची ते मशिनवर ठरते. दुकानात जुने, जड, ट्रान्सफॉर्मरचे मशिन असेल तर हिरवी किंवा पांढरी. हिचे टोक तापून आपोआप गोल होते, पारा चमकावा तसा मणी धरते आणि ठिणगी स्थिर राहते. दोहोंत माझे मत पांढरीला आहे, ती जास्त करंट सोसते आणि लवकर थुंकत नाही. मणी मात्र काडीच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा मोठा होऊ देऊ नये. मोठा झाला तर काडी बारीक पडली असे समजावे.

हल्लीची हलकी इन्व्हर्टर मशिने असतील तर गोष्ट बदलते. त्यांत उष्णतेचा वाटा कमी-जास्त करता येतो, आणि टंगस्टनवर येणारा झोका साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणता येतो. तेव्हा टोक मणी न करता टोकदार घासून, अगदी किंचित बोथट ठेवावे. यासाठी निळी किंवा सोनेरी काडी उत्तम, करडीही चालते. हिरवी इथे नको, तिचा मणी फुगतो आणि ठिणगी बारीक चिरेवर न थांबता इकडेतिकडे पळते.

आणि लाल? स्टेनलेसला ती वर्षानुवर्षे वापरात आहे, म्हणून डब्यात तीच पडलेली असते. जुन्या एसी मशिनवर तिचा नीट मणी होत नाही, टोकाला फुटवे येतात, आणि कण सांध्यात पडण्याची भीती राहते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सापडतो तोच हा. काडी हातात धरल्याने विशेष बिघडत नाही, पण ग्राइंडरवर घासताना उडणारी धूळ श्वासावाटे आत जाता कामा नये. आपल्याकडे काडी घासायचे काम कोण करते? दुकानातले शिकाऊ पोरगे, तोंडाला फडकेसुद्धा न बांधता. आपल्या गावातलेच ते. दुसरी काडी मिळत असताना लालचा हट्ट कशासाठी?

जाडीचा हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियमच्या दर मिलिमीटर जाडीला अंदाजे ४० अँपिअर धरावेत. तीन मि.मी.च्या कव्हराला १२० अँपिअर, त्याला २.४ मि.मी.ची काडी. कॅनचा पत्रा दोन मि.मी. असला तर ८० अँपिअर आणि १.६ ची काडी. १६० च्या पुढे ३.२ ची घ्यावी. हे अंक पांढऱ्या, निळ्या वगैरे काड्यांचे. हिरवी असेल तर एक नंबर जाड लागते.

काडी घासायचा दगड वेगळा असावा, लोखंड घासलेल्या दगडावर नको. घासायची ती लांबीच्या दिशेने, आडवी नव्हे. काम करताना काडी ॲल्युमिनियमला टेकली तर तेवढे टोक तोडून पुन्हा घासावे. काम थांबल्यावरही टोकावर गॅस चालू राहिला पाहिजे, दर दहा अँपिअरला एक सेकंद. टोक निळे-काळे पडले तर गॅस लवकर बंद झाला असे ओळखावे. गॅस शुद्ध आर्गॉनच हवा.

भाग दुकानात नेण्याआधी तेल पूर्ण काढून, धुऊन, पुसून न्यावा. तेल मुरलेल्या ओतीव भागाला वेल्डरने आधी गरम करून तेल बाहेर काढू द्यावे, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, आणि भरणीला ४०४३ नंबरची तार वापरावी. धुताना क्लोरीनयुक्त क्लीनर मात्र वापरू नये, ठिणगीच्या उजेडात त्याचा विषारी वायू होतो.

चेंबर-कव्हरे आधीच तडकलेली असतील त्यांनी ती दसऱ्याच्या आत उतरवून दुरुस्त करून घ्यावीत. एकदा मोळी पडली की आर्गॉनवाल्याकडे रांग लागते.