पोळ्यांची चवड आणि वळवाचा ढग

वळीव येण्याआधी वारा पडतो, अंग चिकट होतं आणि आभाळ एका बाजूने काळंनिळं होत चढत येतं. त्या वेळी मोकळ्या माळावर विद्युतक्षेत्र मोजणारं यंत्र ठेवलेलं असेल, तर पहिला थेंब पडायच्या आतच त्याचा काटा हलू लागतो. निरभ्र दिवशी जमिनीलगतचं क्षेत्र वरून खाली रोखलेलं असतं, मीटरमागे साधारण १०० व्होल्ट. गडगडाटी ढग डोक्यावर आला की बहुतेक वेळा ही दिशा उलटते, खालून वर होते, आणि आकडा हजारांच्या घरात जातो.

क्षेत्राची दिशा म्हणजे धनप्रभार तिथे ठेवला तर तो जिकडे ढकलला जाईल ती. मग ढगाच्या पोटात ऋणप्रभार बसलाय, असं म्हणून मोकळं व्हायचं का? या प्रश्नावर दोन मोठ्या शास्त्रज्ञांचं वर्षानुवर्षं पटलं नाही. जॉर्ज सिम्पसन भारतीय हवामान खात्यात सिमल्याला होते. तिथल्या पावसाचा प्रभार मोजून त्यांनी १९०९ मध्ये निष्कर्ष छापला: पावसाबरोबर ऋणापेक्षा धनप्रभार जास्त उतरतो. यावरून त्यांनी ढगाचा खालचा भाग धन ठरवला. केंब्रिजच्या सी. टी. आर. विल्सन यांनी जमिनीवर बसून वीज पडताना क्षेत्र कसं उसळतं ते टिपलं आणि नेमकं उलट सांगितलं: धन वर, ऋण खाली. मोजमापं दोघांचीही चोख होती.

गुंता सोडवायला आधी ढग बाजूला ठेवू. एक सपाट, चहूकडे न संपणारा पत्रा मनात आणा, त्यावर धनप्रभार सगळीकडे सारखा पसरलेला. त्याच्यावर उभं राहिल्यावर क्षेत्र पूर्वेकडे कलेल का? पूर्वेलाच का आणि पश्चिमेला का नाही, याचं कारण पत्र्यात कुठेच सापडत नाही. सगळ्या बाजू त्याला सारख्याच. म्हणून क्षेत्राची दिशा दाखवणारा बाण काटकोनातच उभा राहतो, धन पत्र्यापासून दूर किंवा ऋण पत्र्याकडे. एकही आकडा न मांडता हे हाती लागतं, आणि मला भौतिकशास्त्रातला हा आनंद फार मोलाचा वाटतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळ हात नेला की मनगटावरची लव काचेकडे ताठ उभी राहायची. ते हेच.

याहून नवल म्हणजे पत्र्यापासून लांब गेलं तरी जोर घटत नाही. अंतर दुप्पट झालं की प्रत्येक प्रभाराचा जोर चौथाई उरतो, हे खरं. पण टॉर्चचा झोत दुप्पट अंतरावर चौपट जागा व्यापतो, तसा तेवढ्याच झोतात आता चौपट प्रभार येतो. फिट्टंफाट.

जाड थर म्हणजे अशा पत्र्यांची चवड, डब्यातल्या पोळ्यांसारखी. दहा पोळ्या आहेत, प्रत्येकीवर सारखाच धनप्रभार, आणि आपण वरून तिसऱ्या आणि चौथ्या पोळीच्या मधोमध आहोत. खालच्या सात वर ढकलतात, वरच्या तीन खाली. अंतराने जोर बदलत नसल्यामुळे रस्सीखेचीत माणसं मोजावीत तशा पोळ्या मोजायच्या: चार पोळ्यांचा जोर वरच्या दिशेने उरला. पाचव्या आणि सहाव्या पोळीच्या मध्ये सगळं शून्य, आणि तिथून खाली उतरलं की बाण उलटा. विद्यार्थी अडखळतात ते इथेच. ‘धन थरापासून दूर’ हे सूत्र पाठ असतं, पण थराच्या पोटातच असलेल्याने दूर म्हणजे कुठे जायचं? आपल्या वर किती प्रभार आणि खाली किती, एवढंच तिथे दिशा ठरवतं.

ढगाकडे परत येऊ. थर खरोखर न संपणारे असते, तर वरचा धन आणि खालचा तितकाच ऋण जमिनीवर एकमेकांना पुरते रद्द करते, काटा हललाच नसता. ढगाचा पसारा काही किलोमीटरचाच, म्हणून जवळचा थर बाजी मारतो. जमिनीवरच्या यंत्राला हा शेवटचा हिशेब तेवढा कळतो. आत किती थर आहेत हे कळायला ढगातूनच जावं लागतं.

सिम्पसन आणि एफ. जे. स्क्रेस यांनी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतून फुगे सोडले. फुग्याखालच्या यंत्रात घड्याळाच्या चावीवर फिरणारी, रसायनात भिजवलेल्या कागदाची चकती होती आणि तिच्यावर टेकलेली लोखंडी टोकं. ज्या टोकातून धन प्रवाह कागदात शिरे, त्याच्याखाली डाग उमटे. क्षेत्राचं बळ त्यावरून ढोबळच कळे, दिशा मात्र पक्की. आणि दिशा पुरेशी होती. वर चढताना बाण ‘वर’चा ‘खाली’ झाला तर वाटेत ऋण थर लागला, ‘खाली’चा ‘वर’ झाला तर धन. पोळ्यांच्या चवडीतला तोच हिशेब.

१९३७ मध्ये छापलेल्या त्यांच्या चित्रात माथ्याशी धन होतं, मध्ये, जिथे तापमान गोठणबिंदूच्या खाली असतं अशा थंडगार उंचीवर, ऋण. मुख्य मुद्द्यावर विल्सन बरोबर ठरले, आणि तसा निकाल सिम्पसन यांनी स्वतःच्याच नावाने छापला. पण ढगाच्या तळाशी, जोराच्या पावसाच्या जागी, बाण आणखी एकदा फिरला होता. तिथे एक छोटा धन कप्पा होता, सिम्पसन सिमल्यापासून सांगत होते तसा.