रोज चालवायची जुनी मोटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वापरलेली मोटार घेताना बहुतेक कुटुंबांत किंमत, मायलेज आणि कंपनीचे नाव या तीनच गोष्टींचा विचार होतो, आणि गाडी चालवण्यातला आनंद ही हौशी किंवा पैसेवाल्या लोकांची बाब म्हणून बाजूला ठेवली जाते. वास्तविक ज्या गाडीत रोज तास-दोन तास घालवायचे, ती हातापायांच्या हालचालीला नेमकी दाद देणारी असावी, ही अपेक्षा चैनीची नव्हे. नेमकी दाद देणारी गाडी थकवा कमी करते आणि अडचणीच्या क्षणी चालकाच्या ताब्यात राहते. अशी गाडी मर्यादित पैशांतही मिळू शकते, मात्र त्यासाठी बाजारात रुळलेल्या काही समजुती पारखून घ्याव्या लागतात.

गैरसमज १ : अश्वशक्ती जास्त, तितकी मजा जास्त.

वस्तुस्थिती : इंजिनाची शक्ती ही टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारे बळ, आणि इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या यांच्या गुणाकारातून ठरते, आणि जाहिरातीत छापलेली कमाल शक्ती पेट्रोल इंजिनात साधारणपणे पाच-सहा हजार फेऱ्यांवर मिळते. शहरातल्या रहदारीत इंजिन बहुतेक वेळ दीड ते तीन हजार फेऱ्यांच्या टप्प्यात चालत असल्याने ती कमाल शक्ती तेथे क्वचितच वापरात येते. त्यामुळे शक्तीइतकेच वजनाकडे पाहणे आवश्यक ठरते. २०१८ मध्ये आलेल्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टची शक्ती ८३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि वजन सुमारे ८७० किलो, म्हणजे टनामागे जवळपास ९५ पीएस. उलट दीड टन वजनाच्या आणि १२० पीएस शक्तीच्या गाडीत हे प्रमाण ८० वर येते. हलक्या गाडीचा लाभ केवळ पिकअपपुरता नसतो, कारण थांबताना आणि वळताना ब्रेकला, टायरला आणि सस्पेन्शनला कमी वस्तुमान सांभाळावे लागते. टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर मिळतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे : त्याच स्विफ्टचा ११३ न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क ४२०० फेऱ्यांवर येतो, तर २०२० च्या एक लिटर टर्बो पेट्रोल पोलोचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १७५० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो, म्हणून घाटात गिअर न बदलता चढ चढण्याची सोय दुसरीत अधिक आहे, तर पहिलीत ॲक्सिलरेटरला मिळणारा प्रतिसाद अधिक एकसारखा आहे.

गैरसमज २ : मोठे अलॉय व्हील आणि खाली बसवलेली गाडी रस्ता अधिक चांगला धरते.

वस्तुस्थिती : चाक, टायर आणि ब्रेक हे भाग स्प्रिंगच्या खालच्या बाजूला असतात, आणि त्यांचे वजन जितके वाढेल तितके खड्ड्यावरून गेल्यानंतर चाक पुन्हा रस्त्याला टेकवणे शॉकॲब्सॉर्बरला जड जाते. मोठ्या रिमबरोबर टायरची बाजूची भिंत बुटकी होत असल्यामुळे आपल्याकडच्या खड्ड्यांत रिम वाकण्याचा आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. तेव्हा असे बदल केलेल्या गाडीसाठी जादा पैसे मोजण्याऐवजी कंपनीने दिलेल्या स्थितीतील गाडी घेणे केव्हाही शहाणपणाचे.

गैरसमज ३ : कमी किलोमीटर चाललेली गाडी हमखास चांगली.

वस्तुस्थिती : सहा-सात वर्षांत जेमतेम वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी बराच काळ उभी राहिलेली असते, आणि उभ्या गाडीतही रबराचे बुश, होस आणि टायर कडक होत जातात, बॅटरी कमजोर होते, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा शोषलेल्या ब्रेक ऑइलचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, त्यामुळे लांब घाट उतरताना ब्रेक ढिला पडू शकतो. याउलट महामार्गावर चाललेल्या आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेल्या सत्तर हजार किलोमीटरच्या गाडीचे इंजिन उत्तम स्थितीत असू शकते. ओडोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून तो सर्व्हिस सेंटरच्या नोंदींशी ताडून पाहावा आणि क्लच-ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टिअरिंगचे आवरण व चालकाच्या आसनाची कड किती झिजली आहे, याच्याशी त्याचा मेळ बसतो का, हेही तपासावे. टायरच्या बाजूला कोरलेल्या सांकेतिक क्रमांकातील शेवटचे चार अंक टायरचे वय सांगतात : ‘२३१९’ असे असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो.

गैरसमज ४ : बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाली, म्हणजे परवडली.

वस्तुस्थिती : एखादी गाडी त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त असेल, तर तिला मोठा अपघात झालेला असण्याची किंवा ती पुराच्या पाण्यात बुडालेली असण्याची शक्यता आधी तपासली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये आलेल्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकणे अवघड नसते. अशा वेळी सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढून पाहावा, कारण एरवी गुंडाळलेल्या त्या पट्ट्यावर गाळाचा डाग किंवा पाण्याची रेषा राहून गेलेली असते; आसनांखालचे रेल आणि बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीतील स्टेपनीच्या खळग्यात माती साचली आहे का, हेही पाहावे. अपघाताची खूण बॉनेट व दरवाजांच्या बोल्टवर सापडते : पान्याने रंग उडालेला बोल्ट तो भाग कधी तरी काढला गेल्याचे सांगतो. दरवाजा बदललेला असणे ही फार गंभीर बाब नाही, परंतु छताला आधार देणारे पिलर किंवा पुढचा चॅसिसचा भाग सरळ केलेला असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. निर्दोष गाडी मिळाली तरी टायर, बुश, ब्रेक आणि क्लच यांच्यासाठी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवणे हिताचे असते, कारण झिजलेले बुश आणि कडक झालेले टायर नावाजलेल्या गाडीचेही वळणावरचे कसब हिरावून घेतात.

गैरसमज ५ : उत्पादन बंद झालेली गाडी म्हणजे डोकेदुखी.

वस्तुस्थिती : चालवण्याच्या आनंदासाठी नावाजलेल्या कित्येक छोट्या गाड्या आज बंद झालेल्या आहेत. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली फियाट पुंटो, चाकणला बनलेली आणि २०२२ मध्ये बंद झालेली फोक्सवॅगन पोलो, तसेच २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेणाऱ्या फोर्डची फिगो ही त्यांची ठळक उदाहरणे होत. ‘बंद’ हा शिक्का बसला की गिऱ्हाईक बिचकते आणि भाव करायला वाव मिळतो, त्यामुळे जाणत्या ग्राहकाला ही संधी ठरू शकते. मात्र ती प्रत्येक गावी सारखी नसते. पुण्या-मुंबईत या गाड्यांचे काम जाणणारे मिस्त्री आणि सुटे भाग तुलनेने सहज मिळतात, तर लहान गावात एखाद्या सेन्सरसाठी गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये अडकू शकते. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी आपल्या गावात ती कोण दुरुस्त करील, याचे उत्तर शोधून ठेवावे.

गैरसमज ६ : डिझेल गाडीला ओढ जास्त आणि खर्च कमी, म्हणून रोजच्यासाठी तीच उत्तम.

वस्तुस्थिती : डिझेलचा टॉर्क महामार्गावर आणि घाटात सुखद वाटतो हे खरे, परंतु एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारे गाळणे बसवलेले असते, आणि त्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून काही काळ सलग व एका वेगाने चालावी लागते. रोज पाच-सात किलोमीटरच्या सिग्नलमय प्रवासात हे घडत नाही, गाळणे तुंबते आणि इंधनात वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरपेक्षा कमी आणि मुख्यतः शहरातच चालवणाऱ्यास पेट्रोल गाडीच सोयीची असते. दिल्ली परिसरातील वयोमर्यादेच्या निर्बंधांमुळे तेथील डिझेल गाड्या स्वस्तात महाराष्ट्रात येतात. त्या घेताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील नवी नोंदणी आणि येथील वाहनकर हा खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

गैरसमज ७ : टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, पैसे दिले, व्यवहार संपला.

वस्तुस्थिती : आरटीओच्या नोंदीत नाव बदलल्यावरच खरेदीदार मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मालक ठरतो. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, म्हणजेच बोलीभाषेतले टीटी फॉर्म, लागतात, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. कायद्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते, आणि विम्यावर आपले नाव लावण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, ती त्या मालकाकडेच राहते. नोंदीत नाव तसेच राहिले तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नाव ट्रान्सफर वेळेत होणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

या साऱ्यांतून निघणारा निष्कर्ष असा, की कमी खर्चात चालवण्याचा आनंद देणारी गाडी नावावरून किंवा अश्वशक्तीच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. ती वजनाने हलकी, मूळ स्थितीत जपलेली, कागदपत्रांनी निर्धोक आणि आपल्या रोजच्या रस्त्याला साजेशी असावी लागते. म्हणून खरेदीदाराने गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी, ज्या रस्त्याने रोज जायचे त्याच रस्त्यावर अर्धा तास चालवावी, स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकांतून टकटक ऐकू येते का ते पाहावे, विश्वासू मिस्त्रीला सोबत न्यावे, आणि यांपैकी एकाही गोष्टीला विकणारा आढेवेढे घेत असेल, तर ती गाडी सोडून पुढची पाहावी.