डझन, ग्रॉस आणि आपला पाचुंदा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यास प्रारंभ झाला. तिथल्या एखाद्या कारखान्यात गावाकडचा पोरगा मालाच्या कोठीवर कामाला लागला, आणि खोक्यावरचे ‘१० ग्रॉस स्क्रू’ त्याने हजार म्हणून वहीत मांडले, तर हिशेबात ४४० स्क्रूंची तफावत पडायची! आणि ती यायची त्याच्याच अंगावर. कारण ग्रॉस म्हणजे शंभर नव्हे. बारा डझन, म्हणजे १४४.

शब्द फ्रेंचांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘ग्रोस’ म्हणजे मोठी, जाड. तेव्हा ग्रॉस हा मोठा डझन. असे बारा ग्रॉस झाले की ‘ग्रेट ग्रॉस’, १,७२८ नग. ही मापे इतिहासजमा झाली असे समजू नका. वस्तू व सेवा कराच्या परिमाणांच्या यादीत ती अजून आहेत. मात्र खोक्यावर ‘ग्रॉस वजन’ असेल तर तिथे १४४ चा काही संबंध नाही. ते खोक्यासकटचे ढोबळ वजन. मूळ शब्द तोच, अर्थाची वाट निराळी.

डझन तर आपला नातलगच. लॅटिन ‘दुओदेकिम’ म्हणजे दोन नि दहा. आपले ‘द्वादश’ही तसेच घडले आहे. पण बाराच का? बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सरळ वाटे पडतात. दहाला तिघांत वाटून बघा! शिवाय अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजा, बाराच भरतात.

‘स्कोअर’ म्हणजे वीस, आपली कोडी. मुळात तो शब्द खाचेचा. काठीवर खाचा पाडून मोजदाद होई; क्रिकेटच्या धावाही पूर्वी अशाच मांडीत, म्हणून तिथेही स्कोअरच. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल ते काय वाटणार?

शिक्षकबंधूंच्या रोजच्या कामातले म्हणजे रीम आणि दस्ता. रीम हा अरबी ‘रिझ्मा’, म्हणजे गठ्ठा. युरोप फिरून तो इंग्रजीत गेला. दस्ता फारसी, ‘दस्त’ म्हणजे हात यावरून. चोवीस तावांचा दस्ता धरला तर वीस दस्त्यांचे रीम ४८० तावांचे होते, आणि पंचवीसचा धरला तर ५०० चे. शाळेसाठी कागद घेताना दुकानदाराला तेवढे आधी विचारावे.