‘दुविधा’ : सोळा मिलिमीटरचे भूत

भुताचा चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? करकरणारे दार, गेलेली वीज, पांढरी साडी, आणि पार्श्वसंगीताचा असा दणका की शेजारचा मनुष्य खुर्चीतून उडावा. मी ज्या चित्रपटाविषयी लिहिणार आहे त्यात यांपैकी काहीही नाही. भूत मात्र आहे. ते झाडावर राहते, एका विवाहित तरुणीवर भाळते, तिच्या नवऱ्याचे रूप घेते आणि त्याच्या घरात राजरोस संसार थाटते.

चित्रपटाचे नाव ‘दुविधा’. साल १९७३. दिग्दर्शक मणी कौल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. ‘उसकी रोटी’ आणि ‘आषाढ का एक दिन’ यांच्यानंतरचा हा त्यांचा तिसरा चित्रपट. ‘दुविधा’साठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढे असूनही आमच्या वर्गात मी विचारले तेव्हा साठांपैकी एकालाही नाव ठाऊक नव्हते. (मलाही दोन महिन्यांपूर्वी नव्हते, तेव्हा शेखी मिरवण्यात अर्थ नाही.)

कथा राजस्थानची. बोरुंदा गावचे विजयदान देथा यांनी जन्मभर मारवाडातल्या लोककथा गोळा करून आपल्या शब्दांत लिहिल्या. ‘बातां री फुलवाडी’ या नावाने त्यांचे खंड निघाले. हबीब तन्वीर यांचे ‘चरणदास चोर’ पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचे मूळही देथांच्याच कथेत आहे.

शेठजींच्या मुलाचे लग्न होऊन वऱ्हाड घरी परतते आहे. नवी नवरी गाडीत बसली आहे. वाटेत रानातली लाल फळे दिसतात, ती तिला खावीशी वाटतात. नवरा म्हणतो, असली फळे गावंढळ माणसे खातात. इतके बोलून तो पुन्हा लग्नाच्या खर्चाच्या हिशेबात मान घालतो. घरी पोचल्यावर कळते की व्यापाराला निघण्याचा मुहूर्त दुसऱ्याच दिवशी आहे. पाच वर्षांसाठी तो परगावी निघून जातो. बायकोशी धड बोलणेही झालेले नसते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांत माझे दिवस जातात. लग्नाच्या दिवशी जमाखर्च मांडणारा नवरा पाहून पहिल्यांदा हसू आले, मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. कारण चित्रपटाचे सगळे कोडे या वहीभोवतीच फिरते. भूत नवऱ्याच्या रूपात घरी येते तेव्हा बापाला संशय यायला हवा. मुलगा मुहूर्तावर गेला आणि लगेच परत कसा? पण भूत त्याला रोज सोन्याच्या मोहरा देते. मोहरा येत राहतात, प्रश्न विचारले जात नाहीत. पावती नाही, तपासणी नाही. जमेच्या बाजूला रक्कम दिसते म्हणून खाते बरोबर! लेखापरीक्षणाच्या तासाला सरांना हे उदाहरण देता येईल.

आणि भूत? ते सुनेजवळ जाते तेव्हा पहिल्याच भेटीत खरे सांगून टाकते : मी तुझा नवरा नव्हे, झाडावरचे भूत आहे, त्याचे रूप घेऊन आलो आहे, आता तू ठरव. सगळ्या घरात तिला काही विचारणारा तेवढा एकच, आणि तो माणूस नाही. ती त्याला ठेवून घेते. माझ्या मते हा चित्रपटाचा कणा आहे. फसवणूक सगळ्या गावाची होते, तिची होत नाही.

आता पैशांकडे वळतो, कारण हा चित्रपट असा का दिसतो ते पैशांवाचून कळत नाही. चित्रण देथांच्याच बोरुंद्यात झाले. निर्मितीला चित्रकार अकबर पदमसी यांचा हातभार होता. नायिका म्हणजे त्यांची मुलगी राइसा पदमसी. नवरा आणि भूत अशी दोन्ही कामे रवी मेनन यांनी केली. पुढे ते मल्याळी चित्रपटांत दिसले. छायाचित्रण नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचे. फिल्म वापरली १६ मिलिमीटरची.

ही १६ मिलिमीटरची भानगड थोडी समजावून सांगतो. चित्रपटगृहात चालणारी नेहमीची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असे. सेकंदाला २४ चित्रे या वेगाने ती मिनिटाला ९० फूट खर्च होते. १६ मिलिमीटरची फिल्म त्याच वेगाने मिनिटाला फक्त ३६ फूट लागते. ‘दुविधा’ सुमारे ८२ मिनिटांचा आहे. म्हणजे ३५ मिलिमीटरमध्ये ७,३८० फूट आणि १६ मिलिमीटरमध्ये २,९५२ फूट. हा हिशेबही प्रत्येक दृश्य एकदाच टिपले असे धरून झाला. प्रत्यक्षात एकच दृश्य पाच-दहा वेळा घेतात, तेव्हा फरक किती वाढत असेल ते वाचकांनीच गुणून पाहावे. शिवाय छोटी फिल्म म्हणजे छोटा कॅमेरा, थोडी माणसे, थोडे दिवे. तोटा असा की चित्राचे क्षेत्रफळ मोठ्या फिल्मच्या साधारण पावपट, त्यामुळे ते मोठ्या पडद्यावर ताणले की कण दिसू लागतात.

आवाजही मागाहून जोडलेला आहे. त्यामुळे पात्रे समोरासमोर उभी राहून संवाद फेकतात असे दृश्य क्वचितच येते. आपण नवरीचा चेहरा पाहतो आणि तिचे मन एका निवेदनातून ऐकतो. कधी चित्र मध्येच थबकते, घुंघटावर हात गेलेला, डोळे अर्धे वळलेले, आणि तसेच राहते. पांढऱ्या भिंती, लाल-पिवळी वस्त्रे, मध्ये रिकामी जागा. जुन्या लघुचित्रांची आठवण येते, आणि कौलांच्या मनातही तीच होती. या थबकलेल्या चित्रांना जवळजवळ खर्च येत नाही हे खरे. परंतु पाच वर्षे वाट पाहणाऱ्या बाईची वेळ अशीच जात असेल, हेही तितकेच खरे.

भुताचे म्हणाल तर त्याला दिसण्यापुरती एकही खूण दिलेली नाही. धूर नाही, उलटी पावले नाहीत. तोच नट, तोच चेहरा, तसेच कपडे. पैसे असते तर कदाचित काही चमत्कार दाखवला असता. मग मात्र आपण निर्धास्त झालो असतो, की हे भूत आणि तो नवरा. इथे बघणाऱ्यालाही शेठजींइतकेच दिसते.

पुढे तिला दिवस जातात, मुलगी होते. ही बातमी परगावी नवऱ्याच्या कानावर जाते आणि तो धावत येतो. एकाच घरात एकाच चेहऱ्याचे दोघे! गावकरी न्यायासाठी राजाकडे निघतात. वाटेत एक धनगर भेटतो. तो म्हणतो, एवढ्याला राजा कशाला? तो दोघांच्या परीक्षा घेतो. शेवटची परीक्षा अशी की जो खरा नवरा असेल त्याने या चामड्याच्या पाण्याच्या पिशवीत शिरून दाखवावे. माणसाला ते जमणे शक्य नाही. भूत मात्र प्रेमापायी झटकन शिरते, आणि धनगर पिशवीचे तोंड आवळतो. न्याय झाला. सगळे घरी जातात.

मी हा चित्रपट आमच्या आजीसोबत पाहिला. तिला हिंदी बेताचेच कळते, पण निवेदन संथ असल्याने अडले नाही. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, “त्यात त्या पोरीला कुणी विचारलं काय रे?” मी म्हटले, कुठल्या पोरीला, आईला की लेकीला? ती म्हणाली, “दोघींनाबी.” मला उत्तर देता आले नाही. घरी तर उलगडा एका वाक्यात झाला असता. कोण कोण आहे हे तिला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होते. पण शेठजी, गावकरी, धनगर, कुणीही तिच्याकडे वळून पाहत नाही.

इथे आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ‘नागमंडल’ आठवले असेल. गिरीश कर्नाडांच्या त्या नाटकात नाग नवऱ्याचे रूप घेऊन रात्री राणीकडे येतो. कर्नाडांना ती कथा ए. के. रामानुजन यांच्याकडून मिळाली. हेच रामानुजन एके काळी बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवीत होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे. दोन्ही कथांचे बीज सारखे वाटते, पण एक फरक मोठा आहे. राणीला पंचांपुढे उभे करतात, ती नागाला हातात धरून शपथ घेते. दिव्य का होईना, पण ती बोलते. ‘दुविधा’तल्या सुनेला तेवढेही मिळत नाही.

याच कथेवर अमोल पालेकर यांनी २००५ साली ‘पहेली’ काढला. शाहरुख खान, राणी मुखर्जी, बोलक्या बाहुल्या, गाणी, उंट, सगळा थाट. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही तो गेला. तो मला आवडतो, खोटे कशाला बोलू? त्यात भूत शेवटी नवऱ्याच्या देहात शिरून परत येते आणि नायिकेला हवा तो माणूस मिळतो. पाहताना बरे वाटते. मात्र ‘पहेली’ संपला की मी जेवायला उठलो, आणि ‘दुविधा’ संपल्यावर आजीच्या प्रश्नाशी घोटाळत बसलो.

दोष सांगायचे तर चित्रपट संथ आहे, आणि तो संथपणा मध्यावर जड होतो. राइसा पदमसींच्या मोठ्या डोळ्यांवर कॅमेरा इतका वेळ थांबतो की कधी कधी आपणच नजर वळवतो. काही ठिकाणी निवेदन जे सांगते ते चित्रात आधीच दिसलेले असते. नवऱ्याच्या बाजूने मात्र अन्याय झालेला नाही. तो दुष्ट नाही, बापाने शिकवले तसाच वागणारा मुलगा आहे, आणि परतल्यावर त्याची जी तारांबळ उडते ती पाहून कीव येते.

ज्यांना पाहायचा असेल त्यांना एकच सूचना : मोबाईलच्या पडद्यावर पाहू नका. बारीक फिल्मवर टिपलेले चित्र तिथे आणखी बारीक होते आणि लाल रंग चिखलासारखा दिसतो. दिवे मालवून, चार जण मिळून, भिंतीवर पाहता आला तर उत्तम. पहिली दहा मिनिटे कुणी उठून जाऊ लागला तर त्याला धरून बसवावे. गाडी त्या झाडाखाली पोचेपर्यंत तरी.