काळुंदर : खाडीकाठचा शाकाहारी मासा

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणाऱ्या गड, कर्ली, तेरेखोल या नद्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून अल्पसा प्रवास करून अरबी समुद्रास मिळतात. भरतीचे पाणी नदीमुखातून आत शिरते आणि गोड्या पाण्यात मिसळून निमखारे होते. गोड्या व निमखाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत नांदणारा मासा म्हणजे काळुंदर.

काळुंदराचे शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुरॅटेन्सिस असे आहे. ब्लॉक या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये त्याची नोंद केली. त्याच्या सिक्लिड कुळातील बहुतेक मासे आफ्रिका व अमेरिका खंडांत आढळतात. भारतात मूळचे तीनच असून त्यांत काळुंदर आकाराने सर्वांत मोठा आहे. केरळात यालाच करीमीन म्हणतात व २०१० मध्ये त्यास राज्यमाशाचा मान मिळाला.

आहार व अधिवास

पिल्ले पाण्यातील सूक्ष्म जीवांवर वाढतात. मोठा मासा मात्र मुख्यतः शेवाळ, पाणवनस्पती व कुजका पालापाचोळा खातो. क्वचित कीटकही टिपतो. म्हणूनच संथ, उथळ व वनस्पतींनी समृद्ध काठ त्यास मानवतो. खारफुटीच्या मुळांशी त्याला अन्न व आसरा दोन्ही मिळतात.

पिल्लांचे संगोपन

मादी बुडालेल्या दगडावर वा लाकडावर अंडी चिकटवते. नर व मादी दोघेही त्यांची राखण करतात आणि अंडी फुटल्यावर पिल्लांना चिखलातील लहान खळग्यांत हलवितात. अशा वेळी जनक मासे जाळ्यात सापडले, तर संपूर्ण पिढी इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडते.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

खारफुटीची तोड, वाळूचा बेसुमार उपसा व सांडपाणी यांमुळे नेमका हा काठच नष्ट होतो. त्यातच १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया हा परदेशी मासा अन्न व जागेसाठी स्पर्धा करतो. काळुंदर मोठ्या प्रमाणावर वनस्पतींवर जगत असल्याने त्याच्या संवर्धनास माशांच्या खाद्याचा भार कमी पडतो. खाडीकाठच्या कुटुंबांना तो जोडधंदा ठरू शकतो. पण त्यासाठी मूळ अधिवास टिकला पाहिजे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. काळुंदराच्या विणीच्या जागा वृद्ध मच्छीमारांस ठाऊक असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ही माहिती नोंदवहीत उतरविली आणि पंचायतीने तेवढा काठ राखला, तर खाडीचे हे धन पुढील पिढीच्या हाती सुरक्षित जाईल.