काळी काच पुरत नाही

हातात धरायच्या फायबर लेझर गनने पातळ पत्रा जोडताना अनेक वेल्डर आर्क वेल्डिंगचीच काळी काच डोळ्यांपुढे धरतात. झगमगाट दबला की डोळा वाचला, हा त्यामागचा हिशेब. आर्कच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. पण या यंत्राचा झोत साधारण १०७० ते १०८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. तो दिसतच नाही, त्यामुळे पापणीही आपसूक मिटत नाही. डोळ्याचे भिंग मात्र त्याला दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. आर्कची ती काळी, अकरा नंबरच्या छटेची काच चहूकडे पसरणाऱ्या आर्कच्या उजेडासाठी तपासलेली असते, एकवटलेल्या लेझरसाठी नव्हे.

म्हणून चष्मा रंगावरून नव्हे, त्यावर कोरलेल्या आकड्यांवरून घ्यावा. १५०० वॅटचे यंत्र धरू. या तरंगलांबीचा झोत दहा सेकंदांहून अधिक काळ पडणार असेल, तर सुरक्षिततेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट आहे. ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीतून याचे जेमतेम २ मिलिवॅट आत जातात. पूर्ण झोत तेवढ्यावर आणायचा तर तो साडेसात लाखांहून अधिक पटीने कमी करावा लागतो. काच झोत किती कमी करते याचे माप म्हणजे ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी). तिचा प्रत्येक अंक म्हणजे दहा पट, तेव्हा ६ हा किमान आकडा. मी ७ घेईन. पण नुसते ‘ओडी ७’ वाचून फसू नये, तो कोणत्या तरंगलांबीला आहे ते पाहावे. कार्बन डायऑक्साइड लेझरचे १०,६०० नॅनोमीटरचे किरण साधे पारदर्शक पॉलिकार्बोनेट अडवते, फायबरचे मात्र त्यातून सरळ पार होतात. ईएन २०७ या युरोपीय मानकातला एलबी अंक आणखी एक गोष्ट सांगतो: झोत थेट पडला तर काच स्वतः टिकते का. सतत चालणाऱ्या लेझरसाठी त्यासोबत ‘डी’ हे अक्षर हवे.

झोत तर धातूवर पडतो, डोळ्यात कुठे, असे कुणी म्हणेल. चकचकीत स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियम तो परतवते, आणि अशा, म्हणजे सर्वांत धोकादायक चौथ्या वर्गाच्या, लेझरचे विखुरलेले परावर्तनही डोळ्याला घातक ठरू शकते. मग सर्वांत गडद काच का नको? कारण सांधा दिसला नाही की कामगार चष्मा वर सरकवतो. उलट, ज्या लेझर चष्म्यातून स्वच्छ दिसते त्यातून वितळलेल्या धातूची लकाकी डोळे दिपवते. त्यामुळे लेझर गाळणी आणि वेल्डिंगची छटा दोन्ही असलेले हेल्मेट घ्यावे. ते महाग पडते हे खरे, पण यंत्राच्या खरेदीतच त्याची रक्कम धरावी. पत्रा धरणाऱ्या मदतनिसालाही त्याच तरंगलांबीचा, त्याच ओडीचा चष्मा लागतो.