धरण भरलं म्हणून जमीन हलली?

३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी दीडच्या सुमारास चिखलदरा तालुक्यात जमीन हादरली. काटकुंभ, चुरणी, पाचडोंगरीकडे धक्का स्पष्ट जाणवला, परतवाड्यातही काहींच्या लक्षात आला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने त्याची तीव्रता ४.२ नोंदवली. पावसाळा सरत आला होता, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांत पाणी होतं. अशा वेळी पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘धरन भरलं ना, म्हनून जमीन हालली.’’

हे वाक्य सरसकट हसण्यावारी नेता येत नाही, कारण महाराष्ट्रातच ते एकदा खरं ठरलेलं आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागलं आणि थोड्याच काळात परिसरात गुरगुर आणि लहान धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि पावणेदोनशेवर माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम, इथे काही व्हायचं नाही, असं तोवर मानलं जाई. देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच त्यानंतर बदलावा लागला. पुढे १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागलं, तसे काही वर्षांत धक्केही तिकडे सरकले. साठ वर्षं उलटली तरी ते थांबलेले नाहीत, आणि सगळे त्याच वीस-तीस किलोमीटरच्या टापूत होतात.

घोटाळा होतो तो ‘म्हणून’ या शब्दात. पाण्याच्या वजनाने खडक मोडतो, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून पाहू. शंभर मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. दहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब अडीच हजार किलोंच्या पुढे असतो. त्यात दहाची भर म्हणजे काहीच नाही. अमेरिकेत हूव्हर धरणामागे पाणी साठल्यावर तिथली जमीन काही इंच खचली, हे मोजलेलं आहे. पण जमीन खचणं वेगळं आणि खडक फुटणं वेगळं.

खडकाला ताण देतं ते भारतीय भूखंडाचं उत्तरेकडे सरकणं, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर. तो ताण जुन्या भेगांवर, म्हणजे भ्रंशांवर, हजारो वर्षं साठत राहतो. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, म्हणूनच त्या जागेवर राहतात. जलाशयाचं पाणी भेगाभेगांतून खाली उतरतं आणि तिथल्या सूक्ष्म पोकळ्यांमधला दाब वाढवतं. हा दाब दोन्ही बाजूंना आतून रेटतो, पकड सैल होते आणि निसटायच्या बेतात असलेला भ्रंश निसटतो. पाणी वंगणासारखं काम करतं, हे स्पष्टीकरणही म्हणूनच अपुरं आहे. मुळात भ्रंशावर ताण साठलेलाच नसेल, तर कितीही पाणी साठवा, काही होत नाही. भूकंपाची शक्ती धरणाची नसते. धरण फार तर त्याची वेळ अलीकडे आणतं.

खाली उतरायला पाण्याला वेळ लागतो. म्हणून जलाशय काठोकाठ भरतो त्याच दिवशी धक्का बसेल, असं नाही. कोयनेला पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात चढतं, पण मोठा धक्का डिसेंबरात बसला. पातळी किती वेगाने चढते, जास्तीत जास्त पातळी किती दिवस टिकते आणि पूर्वीचा उच्चांक मोडला की नाही, या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, हे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. पुढे कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागला. भूकंप होतात ते त्याहून कितीतरी खाली.

आता आपल्याकडची धरणं. शहानूर, चंद्रभागा, पूर्णा आणि सापन या चौघांचा मिळून उपयुक्त साठा १६१ दशलक्ष घनमीटर. एकट्या कोयनेत तीन हजारांच्या जवळपास मावतं. जिल्ह्यातलं सर्वांत मोठं सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, तेही कोयनेच्या पाचव्या हिश्श्याएवढं. म्हणून कोयनेहून लहान धरणाने काहीच होणार नाही, असा नियम मात्र नाही. ठाणे जिल्ह्यात भातसा धरण भरत असताना १९८३ मध्ये खर्डी भागात ४.९ पर्यंत धक्के बसले होते. उलट, जगात हजारो मोठी धरणं आहेत. जलाशयाशी जोडलेले सहाच्या वरचे भूकंप एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत कोयनेचा सर्वांत मोठ्यांपैकी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडेही बोट दाखवलं गेलं, काही शास्त्रज्ञांनीही ती शक्यता मांडली. पण पाण्याच्या चढउताराशी धक्क्यांचा जो मेळ कोयनेला वर्षानुवर्षं दिसतो, तसा तिथे मिळाला नाही.

२०२४ चा धक्का जास्त जाणवला तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. धरणं आहेत अलीकडे, पायथ्याशी. माझ्या मते सापनवर संशय घेण्यापेक्षा त्या डोंगराकडेच नीट पाहावं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना सपाट रान संपून एकदम भिंत उभी राहते. ही गाविलगडच्या भ्रंशाची कड. सालबर्डीला तर तो उघडा दिसतो : काळ्या पाषाणाच्या मुलखात मध्येच ग्रॅनाइट आणि वालुकाश्म वर आलेले, शेजारी गरम पाण्याचा झरा. भ्रंशाच्या दक्षिणेची जमीन खचली, तिच्यात पूर्णेने शेकडो मीटर गाळ भरला. तोच आपला खारपाणपट्टा. सातपुड्यात १४ मार्च १९३८ रोजी ६.३ चा भूकंप झाला, तेव्हा या भागात एकही मोठं धरण नव्हतं.

झऱ्यावरून आणखी एक भीती निघते, ज्वालामुखीची. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यात साद्राबाडीकडे जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हाही ती बोलून दाखवली गेली. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. झऱ्याचं पाणी खोल भेगांतून फिरून तापतं, आणि उथळ धक्का कठीण खडकात बसला की त्याचा आवाज कानाला ऐकू येतो.

‘लहान धक्के बसले ते बरं, मोठा टळला,’ हे समाधानही खोटं. तीव्रता दोनने वाढली की ऊर्जा हजारपट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, तोही ३० सप्टेंबरचाच, १९९३ चा. तेवढी ऊर्जा लहान धक्क्यांनी संपवायची, तर २०२४ सारखे हजार धक्के लागतील. आणि पुढचा कधी, हे तारीखवार सांगणारा व्हॉट्सअॅपवरचा निरोप बिनदिक्कत खोडून टाकावा. कोयनेत छिद्र पाडून बसलेले शास्त्रज्ञही तसं सांगत नाहीत.

किल्लारीला माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. मेळघाटातली कुडाची हलकी घरं त्या मानाने बरी. अचलपूर-परतवाड्याच्या जुन्या वस्तीत धाब्याची आणि मातीत रचलेल्या विटा-दगडांची घरं अजून आहेत, आणि काहींवर सिमेंटचा मजलाही चढला आहे. घर बांधताना जोत्याला, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, दगडी भिंतीत दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड, एवढं मिस्त्रीकडून करून घ्या. जुन्या घरावर मजला चढवायचा असेल, तर आधी इंजिनिअरला भिंती दाखवा.